एम-सील भरलेले पोर्ट आणि उघडी राहिलेली शीट

पर्वरीच्या एका ऑफिसातून २० एप्रिलला सकाळी साडेदहाला फोन आला. अकाउंटंट बाई बोलत होत्या. "सर, बेगीन येयात. आज वीस तारीख, जीएसटीचा थ्री-बी रिटर्न भरायचाय आणि सहीचं टोकन आतच जात नाही." कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं घेऊन मी म्हापशापासून फोंड्यापर्यंत फिरत असतो. महिन्याच्या वीस तारखेला असे फोन ठरलेलेच. टोकनचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर उडालं असेल असं धरून निघालो.

जाऊन बघतो तर टोकन धडधाकट. सीपीयूच्या पुढचे दोन आणि मागचे चार यूएसबी पोर्ट करड्या एम-सीलने गच्च भरलेले होते. एका ठिकाणी ते दाबून बसवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा सुकून तसाच राहिला होता. कीबोर्ड आणि माउसच्या वायरी जिथे आधीपासून होत्या तेवढी दोन भोकं वाचली होती. अकराच्या अकरा डेस्कटॉपवर हाच इलाज. ऑफिस प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं, म्हणजे जीएसटी रिटर्नला डिजिटल सही हवी, आणि ती सही यूएसबी टोकनात. मी माउस काढला, त्या भोकात टोकन लावलं आणि बाईंनी नुसत्या कीबोर्डवर टॅब मारत मारत रिटर्न भरला. पाऊण तास लागला. त्यानंतर मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.

"माझं चुकलं का?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. दोन रात्री झोप नसलेला माणूस होता तो. मी आधी सगळं ऐकून घेतलं.

काय घडलं होतं

हे ऑफिस लोकांची घरं सांभाळतं. शिवोली, आसगाव, हणजुणे, कांदोळी या पट्ट्यातले बासष्ट व्हिला आणि फ्लॅट. मूळ मालक पुण्या-मुंबईचे, काही दिल्लीचे. घर पाहुण्यांना भाड्याने देणं, किल्ल्या, साफसफाई, बागेचा माणूस, विजेचं बिल, मालकाला महिन्याचा हिशेब, हे सगळं ऑफिस बघतं आणि त्यावर कमिशन घेतं. माणसं चौदा. बुकिंग टेबलावर बांद्याचा एक मुलगा होता. चार वर्षं रोज पत्रादेवीचा सीमानाका ओलांडून येऊन-जाऊन काम करायचा. सीझन संपला आणि ३१ मार्चला त्याने नोकरी सोडली. भांडण नाही, काही नाही. केक कापला होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीन व्हिलामालकांचे फोन आले. त्यांना कोणीतरी नवा माणूस सांगत होता, तुम्ही आत्ता वीस टक्के कमिशन देता, आम्ही पंधरात करू. वीसचा आकडा बरोबर होता. त्यातल्या एकाला तर नाताळच्या आठवड्यात आमच्या या ऑफिसने घर कमीत कमी कितीला दिलं होतं तेही रुपयापर्यंत सांगितलं. हा आकडा ऑफिसबाहेर जायचं कारणच नव्हतं.

मालकांनी निष्कर्ष काढला की पोराने पेनड्राइव्हवर सगळं भरून नेलं. १८ तारखेला संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून एम-सील आणलं आणि शिपायाला हाताशी धरून स्वतः सगळे पोर्ट बुजवले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ज्याचं घर फुटलंय तो पहिल्यांदा दिसेल त्या दाराला कडी घालतो.

पण चोर त्या दाराने गेला होता का, हे आधी बघायला हवं होतं.

माग काढताना

पहिली अडचण लगेच आली. त्या मुलाचा कॉम्प्युटर १ एप्रिललाच नव्या मुलीला दिला होता. तिने तीन आठवडे त्यावर काम केलं, जुन्या फाईल्स पुसल्या, डेस्कटॉप नीटनेटका केला. तिची काहीच चूक नाही, तिला तसंच सांगितलं होतं. पण ज्या डिस्कवर पुरावा असू शकतो ती वापरात राहिली की पुसलेल्या जागेवर नवं लिहिलं जातं आणि मागे जाता येत नाही. महत्त्वाच्या जागेवरचा माणूस सोडून गेला तर त्याची डिस्क काढून पाकिटात घालून सही-तारखेसह ठेवावी, नव्या माणसाला दुसरी डिस्क द्यावी. एका डिस्कच्या पैशात हा विमा मिळतो. मी हे प्रत्येक ऑफिसला सांगतो आणि दहातले नऊ जण ऐकत नाहीत.

तरी विंडोज काही खुणा राखून ठेवतं. पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावला की त्याची वेळ सेटअपएपीआय नावाच्या लॉग फाईलमध्ये जाते, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, यूएसबीस्टॉर या नावाखाली त्याची कंपनी आणि बहुतेक वेळा सिरीयल नंबरही राहतो. त्या मशीनवर नऊ पेनड्राइव्ह निघाले. मालकांचे डोळे मोठे झाले. एकेकाची चौकशी केल्यावर कळलं की ऑफिसचा रंगीत प्रिंटर वर्षभर बंद आहे, म्हणून पाहुण्यांची स्वागतपत्रं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्हवर जातात. सहा पेनड्राइव्ह तिथेच ड्रॉवरमध्ये सापडले. दोन फोटोग्राफरचे. एकाचा पत्ता लागला नाही.

त्या एकावर काय गेलं? हे सांगता येत नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. कोणती फाईल पेनड्राइव्हवर कॉपी झाली याची नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही. काढता येणाऱ्या डिस्कचं ऑडिट आधीपासून चालू केलेलं असेल तरच ती नोंद मिळते. घटना घडून गेल्यावर ते चालू करून मागचं दिसत नाही.

दुपारी एकच्या सुमाराला मी विचारलं, "ही जी माहिती बाहेर गेली, ती ऑफिसात नक्की कुठे असते?" अकाउंटंट बाईंनी स्क्रीनवर 'मास्टर' नावाची शीट उघडली.

ती शीट मी अजून विसरलेलो नाही. एका घराची एक ओळ, आणि रकाने ए पासून एटीपर्यंत, म्हणजे छेचाळीस. घराचं नाव, गाव, मालकाचा मोबाईल, त्याच्या बायकोचा मोबाईल, कमिशनचा टक्का, सीझनचा दर, 'याच्या खाली जायचं नाही' असा दर, मालकाचा बँक खाते क्रमांक, किल्ली कुठल्या कुंडीखाली असते ते, अलार्मचा कोड, वायफायचा पासवर्ड, राखणदाराचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात पाहुण्यांच्या पासपोर्टच्या स्कॅनची लिंक. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा सी-फॉर्म तेव्हा भरावा लागायचा, त्यासाठी घेतलेले ते स्कॅन. आसगावच्या एका घराच्या ओळीवर मी कर्सर नेला आणि जाणवलं की या एका ओळीवर त्या घरात शिरता येतं, तिथे कोण कधी उतरतं ते कळतं आणि मालकाच्या खात्यापर्यंत पोचता येतं. अशा बासष्ट ओळी.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये सगळे घरी बसले तेव्हा ऑफिसातली एक्सेल फाईल एका फुकटच्या जीमेल खात्यावर चढवली होती आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या जीमेलला शेअर केली होती. तेव्हा ते योग्यच होतं, दुसरा मार्ग नव्हता. लॉकडाउन उठला, शीट तिथेच राहिली. मी 'शेअर'वर क्लिक केलं. ऑफिसात माणसं चौदा, यादीत नावं तेवीस. सहा सोडून गेलेले, एक वेबसाइट बनवणारा, एक जुन्या सीएच्या ऑफिसातला मदतनीस, आणि एक ईमेल कोणाचा आहे हे कोणालाच सांगता येईना. खाली वेगळं होतं ते: लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल.

बांद्याच्या त्या मुलाचं नाव यादीत होतं. एडिटर म्हणून.

त्याला काही कॉपी करून न्यायची गरजच नव्हती. त्याच्या मोबाईलवर शीट जशी होती तशीच उघडत होती, आणि नवी मुलगी १ एप्रिलपासून जे जे भरत होती ते तो घरी बसून बघू शकत होता. बरं, त्याने बघितलं का? फुकटच्या खात्यावर तेही कळत नाही. कोणी काय बदललं याचा इतिहास मिळतो, कोणी नुसतं पाहिलं किंवा उतरवून घेतलं याचा मिळत नाही. त्याच्या नावावरचा शेवटचा बदल ३१ मार्चचा, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांचा. एका पाहुण्याची बाकी रक्कम जमा झाल्याचं त्याने भरलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत काम पूर्ण करून गेलेला मुलगा होता तो, आणि ही गोष्ट पुढे मालकांच्याही मनात राहिली.

पोलिसांत जायचं की नाही

मालकांना त्याच दिवशी रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जायचं होतं. मी म्हटलं, आधी वकिलांना विचारू. पणजीच्या एका वकिलांकडे दोन बैठका झाल्या, आणि त्यांत जे कळलं ते लहान ऑफिसांनी नीट समजून घ्यावं असं आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा उतरवणं, कॉपी करणं, काढून घेणं याबद्दल भरपाई मागता येते. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोकराने केलेल्या विश्वासघाताचं कलमही भारतीय न्याय संहितेत आहे. कायदा अपुरा नव्हता. अडत होतं ते 'परवानगीशिवाय' या शब्दावर. मालकांनी स्वतः डिसेंबरमध्ये त्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप केला होता: "शीट मोबाईलवर उघडी ठेव, रात्री गेस्टचे फोन येतात." ही परवानगीच झाली. ती ३१ मार्चला संपली हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं, लिहून दिलं नव्हतं आणि यादीतून नाव काढून दाखवलंही नव्हतं. वकील म्हणाले, परवानगी कामापुरती होती असा युक्तिवाद करता येईल, पण हातात पुरावा काय? २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, द्यावी लागते. इथे हॅश काढायला फाईलच नव्हती.

मग त्यांनी उलट प्रश्न विचारला. "पासपोर्ट कोणाचे? पाहुण्यांचे ना? मग ते सांभाळायची जबाबदारी कोणाची?" वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा हा भार डेटा गोळा करणाऱ्यावर टाकतो. पुरेशी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. पर्वरीच्या चौदा माणसांच्या ऑफिसला अडीचशे कोटी कोणी लावणार नाही, पण आपण फक्त फिर्यादी आहोत या समजुतीत मालक आले होते, ती तिथे संपली. लिफ्टमध्ये ते काही बोलले नाहीत.

तक्रार दिली नाही. त्या मुलालाच बोलावलं. तो आला, म्हापशाच्या एका एजंटाकडे लागला होता. मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, मला कोणी काढलंच नाही. मी चार-पाच जणांना फोन केले, त्यांची घरं मीच चार वर्षं बघत होतो." मग दुसरी गोष्ट बाहेर आली. टार्गेटच्या वरच्या बुकिंगवर अर्धा टक्का द्यायचं त्याला तोंडी कबूल केलं होतं, आणि जानेवारीपासूनचे ते पैसे अडकले होते. अकाउंटंट बाईंनी मान खाली घातली, म्हणजे खरं होतं. मालकांनी हिशेब करून पैसे दिले, त्याने शीटची कुठलीही प्रत आपल्याकडे नाही आणि वापरणार नाही असं लिहून दिलं. पाच घरं त्याच्याबरोबर गेली ती गेली. पैसे देण्याच्या बाजूने मी बोललो होतो आणि आजही बोलेन. जे देणं होतं ते देणं होतं. त्याने जे केलं ते मला मान्य नाही, पण माणूस कुठल्या मनाने बाहेर पडतो याचा डेटाशी सरळ संबंध असतो, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सेट करता येत नाही.

शीट फोडली

एप्रिल-मे हा इथे ओसरता काळ, म्हणून काम तेव्हाच हातात घेतलं. मालकांची मागणी होती, सगळं बंद करा. मी विनंती केली की दोन दुपारी मला सगळ्या माणसांबरोबर बसू द्या. कागद घेऊन एकेकाला विचारलं, तुमच्या कामाला यातले कुठले रकाने लागतात? बुकिंगवालीला घर, तारखा आणि पाहुण्याला सांगायचा दर लागत होता. मालकाचा मोबाईल, कमिशन आणि खालचा दर तिला कधीच लागत नव्हता, सूट द्यायची वेळ आली तर ती तसंही ऑफिसच्या मालकांनाच विचारायची. साफसफाईच्या सुपरवायझरला घर, किल्ली, पाहुणा कधी निघणार एवढंच. अकाउंटंट बाईंना बँक आणि कमिशन, पण अलार्मचा कोड त्यांना कशाला? सगळे छेचाळीस रकाने लागतात असा माणूस अख्ख्या ऑफिसात एक निघाला, तो म्हणजे मालक. बाकी तेरा जणांना आपण पाच वर्षं अख्खं पोतं उघडून देत होतो, कारण मूठभर धान्य मोजून देण्याचा कंटाळा.

कामापुरतं दिसतं ते माणूस नेऊ शकतो, त्याला उपाय नाही. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला तर कोण थांबवणार? म्हणून एका वेळी एकाला किती दिसतं यावर मी सगळा जोर लावला.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पूर्वी पडलो आहे. एकाच शीटमध्ये वेगवेगळे टॅब करून काही टॅब लपवले की काम झालं असं वाटतं. लपवलेला टॅब असलेली शीट कोणी 'मेक अ कॉपी' केली की त्या प्रतीत तो टॅब उघडता येतो. 'प्रोटेक्ट' केलेला भाग बदलता येत नाही एवढंच, वाचता येतोच. दुसरी युक्ती म्हणजे मोठ्या शीटमधून लहान शीटमध्ये इम्पोर्टरेंज या सूत्राने रकाने ओढणं. त्यातही एकदा दोन शीट जोडायला परवानगी दिली की लहान शीटला एडिट करू शकणारा कोणीही सूत्र बदलून मोठ्या शीटचा कुठलाही भाग ओढू शकतो. म्हणून ज्या शीट इम्पोर्टरेंजवर चालतात त्या फक्त वाचण्यापुरत्या दिल्या, उतरवणं-छापणं बंद करून, आणि भरण्याच्या शीट पूर्ण वेगळ्या फाईल केल्या. जुळवायला अकाउंटंट बाईंना रोज पंधरा मिनिटं जास्त लागतात. त्यांनी कुरकुर केली, ती रास्त होती, पण कबूल केलं.

पासपोर्टचे स्कॅन शीटमधून पूर्ण काढले. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये, सी-फॉर्म भरणाऱ्या दोघांनाच उघडणारे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्कॅन त्या फोल्डरमध्ये गेला की चॅटमधून पुसायचा.

ऑफिसच्या नावाची खाती घेतली, खासगी जीमेल बंद. गूगलची ऑफिसांसाठीची पैसे भरून घ्यायची सेवा म्हणजे वर्कस्पेस, तिचा सगळ्यात स्वस्त प्लॅन टाळला, कारण कोणी कुठली फाईल पाहिली, कोणी उतरवली याच्या नोंदी आम्हाला हव्या होत्या. त्या नोंदी सहा महिने राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, त्यालाही ते धरून झालं. ऑफिसच्या खात्यांबाहेर शेअर करणं बंद केलं.

कॉम्प्युटरांचं काम त्यामानाने सरळ होतं. अकरापैकी सात मशीनवर विंडोज होम होतं, त्यात ग्रुप पॉलिसी (मशीनवर बंधनं घालायची सोय) नाही आणि बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करायची सोय) नाही, म्हणून ती प्रो केली. एम-सील भरलेले पोर्ट काही सुटले नाहीत, त्यासाठी पुढचं पॅनल बदलावं लागलं. सगळ्यांचे अ‍ॅडमिन हक्क काढले, ते काढल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट. पेनड्राइव्हवर लिहिणं बंद, वाचणं चालू, कारण फोटोग्राफर कार्ड घेऊन येतोच. मोबाईल वायरने जोडला तर तो पेनड्राइव्ह म्हणून धरला जात नाही, त्याची पॉलिसी वेगळी आहे, तीही लावावी लागते. नुसता यूएसबीस्टॉर, म्हणजे पेनड्राइव्ह चालवणारा विंडोजचा भाग, बंद करून निश्चिंत झालेली ऑफिसं मी पाहिली आहेत. डिजिटल सहीचं टोकन डिस्क म्हणून चालत नाही, त्यामुळे ते बिनतक्रार चाललं. बिटलॉकर लावलं आणि बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड, नाहीतर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की विंडोजच्या सगळ्या बंद्या बाजूला राहतात. आणि भिंतीवर चार्जिंगसाठी दहा पॉइंटचा बोर्ड बसवला, म्हणजे सीपीयूला मोबाईल लावायचं कारण उरणार नाही. रंगीत प्रिंटर दुरुस्त करून घेतला. झेरॉक्सवाल्याकडची वारी थांबली.

दर दोन मिनिटांनी स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर टाका, असं मालक म्हणाले होते. मी नकार दिला. त्यात एखाद्या मुलीचा बँकेचा व्यवहार येईल, दवाखान्याचा मेसेज येईल, आणि ते सगळं आणखी एका फोल्डरमध्ये साठेल, ज्याची राखण पुन्हा आपल्यालाच करावी लागेल. ज्या नोंदी ठेवतो त्या कोणत्या, हे एका पानावर मराठीत लिहून सगळ्यांना वाचून दाखवलं आणि सह्या घेतल्या. त्याच पानावर डेटा कोणाचा, कुठे न्यायचा नाही, सोडताना काय परत करायचं, हेही आलं. 'दोन वर्षं उत्तर गोव्यात हा धंदा करणार नाही' हे मालकांचं वाक्य वकिलांनी खोडलं. करार कायदा, १८७२च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यावर कोणाला आपला धंदा करण्यापासून अडवणारा करार टिकत नाही. गुप्ततेचं कलम टिकतं.

बुकिंगचं व्हॉट्सअ‍ॅप त्या मुलाच्या स्वतःच्या सिमवर चालत होतं, हे यादी करताना कळलं. चार वर्षांचे पाहुणे, मालक, सगळे त्याच्या खिशात, आणि तेही आम्हीच ठेवलेले. आता ऑफिसचं सिम आणि ऑफिसचा फोन आहे, तो संध्याकाळी टेबलावर राहतो. माणूस सोडतो त्या दिवशी त्याच्या समोरच खातं स्थगित होतं, डिलीट नाही, म्हणजे फाईल्स आणि नोंदी राहतात. ग्रुपमधून नाव निघतं, वायफाय बदलतं, आणि राहिलेल्या पैशाचा हिशेब त्याच टेबलावर मिटतो. हा शेवटचा मुद्दा अकाउंटंट बाईंनी घातला.

खोटी ओळ

प्रत्येक शीटमध्ये एक-एक खोटी ओळ घातली. बुकिंगच्या शीटमध्ये वेगळी, साफसफाईच्या वेगळी, हिशेबाच्या वेगळी. नसलेलं घर, शेरा 'दुरुस्ती चालू, बुकिंग बंद', आणि नंबर मालकांच्या नात्यातल्या कोणाचा तरी, त्यासाठीच घेतलेल्या सिमचा. यादी बाहेर गेली आणि कोणी ती चाळत फोन करू लागला की त्यातला एक फोन इथे येणार, आणि कुठल्या शीटमधून गेली तेही कळणार. खर्च जवळजवळ शून्य. बुकिंगवाली मुलगी आणि सुपरवायझर यांना मी ओळ दाखवली नाही, पण अशा ओळी असतात हे सह्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं.

सप्टेंबरात, चतुर्थी होऊन गेल्यावर, मालकांच्या पेडण्याच्या बहिणीचा फोन वाजला. साफसफाईच्या शीटमधला नंबर. पलीकडे एक माणूस म्हणत होता, पावसात पडदे कुबट झाले असतील, धुऊन-इस्त्री करून देतो. त्यांनी लगेच भावाला कळवलं. तासाभरात नोंदी काढल्या. कोणीही काही उतरवलं नव्हतं. मग सुपरवायझरनेच सांगितलं: चादरी नेणाऱ्या लाँड्रीवाल्याला रोज पत्ते सांगून कंटाळा आला, म्हणून जुलैत त्याने स्क्रीनचा फोटो काढून त्याला पाठवला होता. सगळ्या घरांचा, किल्लीच्या रकान्यासकट.

त्याच दुपारी बासष्टपैकी राहिलेल्या सगळ्या घरांच्या किल्ल्यांच्या जागा बदलल्या. सुपरवायझरला मालक रागावले, पण काढलं नाही. मी त्याच्याजवळ बसून विचारलं, लाँड्रीवाल्याला नक्की काय लागतं? आता त्याच्यासाठी वेगळा कागद आहे. घराचं नाव, वाडा, गेटचा रंग, चादरी किती, उशांचे अभ्रे किती. सोमवारी छापून देतात, शनिवारी परत घेतात.